मोहाच्या हंगामात दुचाकीवरून

पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. व्याघ्र प्रकल्पाच्या आत मोटारसायकल नेता येत नाही. मोहर्लीच्या फाटकावर दुचाकीचा प्रवास संपतो आणि आत जायचं तर जिप्सी घ्यावी लागते. हे भद्रावतीच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तरीही नागपूरच्या आठ जणांनी रशीदभाईंना फोनवर सांगितलं होतं, "आम्हाला जंगलातून राईड पाहिजे." रशीदभाईंनी लगेच हो म्हटलं आणि मग माझ्याकडे आले.

रशीदभाई आमच्या भद्रावतीत मोटारसायकलच्या सीटची कव्हरं शिवतात. त्यांचे वडीलही तेच करायचे. आता तयार कव्हर घरपोच मिळतं, त्यामुळे शिवणकाम कमी झालं. मग त्यांनी लांबच्या प्रवासासाठी गाडीला दोन्ही बाजूंनी अडकवायच्या बॅगा शिवायला घेतल्या. त्या नागपूरच्या मंडळींनी घेतल्या, त्यांना आवडल्या, आणि त्यातून हे सहलीचं निघालं. ही पहिली टोळी नीट फिरवून आणली तर पुढच्या येतील, बॅगाही खपतील. नाहीतर दुकान भाड्यानं द्यायचं आणि हैदराबादला मेहुण्याच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायचं. मेहुण्याला उत्तर द्यायचं बाकी होतं.

मी कोळसा खाणीच्या वजनकाट्यावर नोकरी करतो. ट्रक आला की वजन, गेला की वजन. त्यामुळे रशीदभाई मला 'काटासाहेब' म्हणतात आणि कुठलाही हिशोब माझ्याकडे आणतात. मी म्हटलं, आधी आपण स्वतः फिरून येऊ, मग आखणी करू. पाहिल्याशिवाय मी आकडा लिहीत नाही. माझी पत्नी मंदा म्हणाली, "मी पण येते. तुम्ही दोघं गेले तर नुसते पेट्रोलपंपच मोजून याल."

ईद झाली, आणि तिघे दोन गाड्यांवर निघालो.

मोहर्ली ते आलापल्ली

मोहर्लीच्या फाटकावरचा माणूस भला होता. रशीदभाईंनी त्याला विचारलं, "थोडं आत, नुसतं वळणापर्यंत?"

"भाऊ, वळणावर वाघीण बसून राह्यली तर तिले का सांगू? नुसतं वळणापर्यंत आले म्हून?"

रशीदभाई हसले, पण चेहरा उतरला. परत चंद्रपूरला येईपर्यंत माझ्या डोक्यात आखणी बदलली होती. प्रकल्पाच्या आत जाता येत नसलं तरी चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांत जंगल फाटकाच्या आतच असतं असं नाही. चंद्रपूर सोडून बल्लारपूर, गोंडपिपरी असे दक्षिणेला गेलात, वैनगंगा ओलांडून आष्टीला उतरलात की पुढे जंगल स्वतःच रस्त्यावर येतं. आलापल्लीच्या अलीकडे सागाची झाडं इतकी उंच आहेत की मंदानं हेल्मेट काढून मान मागे टाकली, आणि गाडी डगमगली. मी ओरडलो. ती म्हणाली, "पाहू तर द्या. घरी छतच पाहते ना."

जाणाऱ्यांसाठी माझी पहिली सूचना: मागे बसणारा माणूस हेही वजन आहे आणि ते स्थिर नसतं.

दुसरी सूचना पेट्रोलची. आलापल्लीला टाकी भरून घ्या, अर्धी असली तरी. पुढे सिरोंचाकडे शंभर किलोमीटरच्या आसपास अंतर आहे आणि मध्ये पंप असेलच, सुरू असेलच, असं धरून चालू नका. फोन तर बराच वेळ नुसता घड्याळ म्हणून उपयोगी पडतो.

सिरोंचा

सिरोंचाच्या रस्त्यावर काही ठिकाणी डांबर गुळगुळीत आहे, काही ठिकाणी अजून काम चालू आहे. अशाच एका खडीच्या पट्ट्यावर मला पुढच्या गाडीतून धूर दिसला. मी हॉर्न वाजवला. रशीदभाईंनी हात हलवला. त्यांना वाटलं मी खुशीत आहे. शेवटी मंदा जोरात ओरडली, "भाई, तुमची बॅग जळून राह्यली!"

त्यांच्याच हातची, दुहेरी शिवणीची बॅग. खडीच्या धक्क्यांनी पट्टा सैल होऊन ती सायलेन्सरला टेकली होती. आम्ही पाण्याची बाटली ओतली. एक कुर्ता आणि एका पायजम्याचा डावा पाय गेला. शीरखुर्म्यासाठी आणून उरलेल्या शेवया त्यांच्या बायकोनं डब्यात बांधून दिल्या होत्या, त्या मात्र वाचल्या.

"गिऱ्हाइकाची जळली असती तर?" रशीदभाई भोकात बोट घालून म्हणाले.

"तर त्यानं तुम्हाला जाळलं असतं," मी म्हटलं.

"काटासाहेब, तुम्ही सांत्वन नका करत जाऊ."

सिरोंचात एका वेल्डरनं बॅग आणि सायलेन्सरच्या मध्ये पत्र्याची पट्टी बसवून दिली. तो तेलुगूत बोलत होता, रशीदभाई हिंदीत, आणि दोघांचे हात एकाच भाषेत. पट्टी बसल्यावर रशीदभाईंनी ती हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली, आणि नागपूरच्या आठही गाड्यांना हीच बसवायची असं ठरवलं.

जेवायला आम्ही एका घरगुती खानावळीत बसलो. आमच्याकडे अंबाडीची भाजी करतात, डाळ-कण्या घालून, आंबट आणि मऊ. इथे तीच अंबाडी गोंगुरा होऊन येते, लाल मिरचीत वाटलेली, आणि भाताच्या पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी आणते. मंदानं वाढणाऱ्या बाईंना विचारलं, किती मिरच्या? त्यांनी ओंजळ दाखवली. मंदानं मान डोलावली. घरी आल्यापासून आमच्याकडे मिरची लवकर संपते आहे.

संध्याकाळी नदीकाठी गेलो. प्राणहिता आणि गोदावरी इथे मिळतात. पलीकडे तेलंगण. पुलावरून ट्रक जात होते. रशीदभाई बराच वेळ तिकडे पाहत उभे राहिले.

"हाच रस्ता हैदराबादचा," ते म्हणाले. "मेहुणा चांगला माणूस आहे. त्यानं खोली पण पाहून ठेवली. पन तिथी मले कोन ओळखते? इथी रस्त्यानं गेलो तर माणूस गाडीची सीट पाहून म्हणते, हे रशीदभाईची."

या विषयात माझ्याजवळ आकडा नव्हता.

वैनगंगेच्या अलीकडचं एक गाव

आम्ही परत आलापल्ली, चामोर्शी, गडचिरोली करत आरमोरीला आलो आणि वैनगंगा ओलांडून पश्चिमेला वळलो. इथून सिंदेवाहीकडे जाणारा मुलूख धानाच्या बांध्यांचा, म्हणजे भातखाचरांचा, आणि जंगलाचा मिळून आहे. बांधी संपते तिथे जंगल सुरू होतं, आणि वाघाला ती रेघ ठाऊक नाही. या बाजूच्या एका गावात मंदाची मावसबहीण सुमन राहते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण मग लोक तिथेच जातील.

मोहाचा हंगाम होता. अंगणात चटयांवर मोहफुलं वाळत होती. ताजी फुलं पिवळसर, कालची तांबूस, परवाची मनुकांसारखी. साऱ्या घराला गोड, आंबूस वास. सुमनची सासू जनाबाई वाळती फुलं पायानं सारखी करत होत्या. त्यांनी मंदाला बसायला पाट दिला आणि रशीदभाईंना विचारलं, "तुम्ही कोन भाऊ? डरायवर?"

"हो आजी, यांना फिरवून आणतो."

"मंग तुमची गाडी काऊन जळकी?"

जेवायला लाखोळीची डाळ, भात आणि चुलीवर भाजलेली वांगी. जेवताना रशीदभाईंनी त्यांचा बेत सांगितला. पहाट हाच या सहलीचा मुख्य भाग होता. नागपूरच्या मंडळींना तेच हवं होतं: सूर्य उगवताना, धुक्यात, जंगलातल्या रस्त्यावर आठ गाड्या एका रांगेत, आणि त्याचा व्हिडिओ. सिंदेवाहीकडे जाणारा गावाबाहेरचा रस्ता रशीदभाईंना फार आवडला होता. ऊन चढायच्या आत अंतर कापायचं, हे माझंही मत. आखणीत मीच पहाट घातली होती. एप्रिलच्या तोंडावर विदर्भात दुपारी गाडी चालवायला सांगणं हा मला मूर्खपणा वाटतो.

सुमन म्हणाली, "पाहा बा. आम्ही तर अंधारातच जातो मोहाले." यापेक्षा जास्त ती काही बोलली नाही. तिला आमचा बेत कळला होता, आम्हाला तिचा नाही.

झुंजुमुंजू झालं तेव्हा आम्ही उठलो. सुमन आणि जनाबाई केव्हाच गेल्या होत्या. आम्ही दोन्ही गाड्या रस्त्यावर काढल्या. रशीदभाईंची गाडी जुनी, जाड आवाजाची. तो आवाज नागपूरवाल्यांना आवडतो म्हणून त्यांनी सायलेन्सर आणखी मोकळा करून घेतला होता. मंदा मोबाईल घेऊन रस्त्यावरच्या एका मोरीच्या कठड्यावर बसली. आम्ही लांबून यायचो, तिच्यासमोरून जायचो, वळून पुन्हा यायचो. फुलं नीट वेचता यावीत म्हणून झाडांखालचा पाचोळा जाळतात, त्याचा धूर जमिनीलगत पसरला होता आणि त्यात उजेड तिरपा उतरत होता. खरंच सुंदर होतं, ते नाकारत नाही.

तिसऱ्या फेरीला सुमन रस्त्याच्या मधोमध आली. पदर कमरेला खोचलेला, दोन्ही हात वर.

"बंद करा! बंद करा ना गाड्या!"

आम्ही गाड्या बंद केल्या. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत मला कळलं की इतका वेळ आम्ही काय करत होतो.

"आत्याबाई आवाज देऊन नाई राह्यल्या," सुमन म्हणाली. सासूला ती आत्याबाई म्हणते. तिला धाप लागली होती. "तुमच्या फटफट्यांनी काईच ऐकू येऊन नाई राह्यलं."

इथली रीत अशी. जंगलातल्या मोहाच्या झाडांची घरांमध्ये वाटणी असते. अमुक झाडं या घराची, तमुक त्या घराची. कागद नसतो, पण कोणी दुसऱ्याच्या झाडाखाली वेचत नाही. त्यामुळे बाया एकत्र जातात खऱ्या, पण वेचताना पांगतात. प्रत्येक जणी आपापल्या झाडाखाली वाकलेली, पाठ जंगलाकडे. मग मधूनमधून एक जण कूऽऽ करते, दुसरी उत्तर देते, तिसरी देते. तो आवाज फिरत राहिला की सगळं ठीक. वाघाच्या चाहुलीनं वानरं खाकरली, की सगळ्या ताठ उभ्या राहून ऐकतात. वाघापासून त्यांच्याजवळ असलेलं संरक्षण एवढंच: कान. आणि ते आम्ही बंद केले होते.

सुमननं तोंडाशी हात धरून कूऽऽ केलं. डावीकडून उत्तर आलं. बांध्यांच्या बाजूनं आलं. नाल्याच्या बाजूनं आलं नाही. तिनं पुन्हा हाक दिली. नाल्याकडून एक वानर खाकरलं. खर्र, खर्र. मग दुसरं.

सुमनच्या चेहऱ्याचं काय झालं ते मला लिहिता येत नाही. आणखी चार-पाच बाया झाडीतून बाहेर आल्या, गावाकडून दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन धावत आली. रशीदभाईंनी किल्लीला हात घातला. "मी पुढं जाऊन पाहतो."

"गाडी नका चालू करू!" सुमन त्यांच्यावर ओरडली. "तुम्ही चालू केली तर त्या काई बोलल्या तरी कसं समजन?"

आम्ही पायी निघालो, सगळे एका पुंजक्यात, टोपल्यांवर काठ्या आपटत. जनाबाईंचं झाड नाल्याच्या काठावर होतं. खाली जागा झाडलेली, राख अजून गरम, टोपली अर्धी भरलेली. आणि जनाबाई नव्हत्या. सुमन टोपलीजवळ खाली बसली. मंदानं तिला धरलं. रशीदभाई काहीतरी पुटपुटत होते, प्रार्थना असावी.

हाक आमच्या मागून आली. रस्त्याच्या बाजूनं.

"सुमेऽऽ! सुमे व!"

जनाबाई घाणेरीच्या झुडपांतून लुगडं सोडवत बाहेर आल्या. हातभर ओरखडे. सुमनला पाहून त्या थबकल्या आणि मग जवळजवळ तिच्या अंगावर गेल्या.

"कुठी होती तू? मी आवाज देऊन राह्यली, देऊन राह्यली, तू ओ नाई देत! मले वाटलं तुले नेलं!"

म्हणजे सून सासूचा आवाज येईना म्हणून रस्त्यावर आली, आणि सासू सुनेचा आवाज येईना म्हणून आपलं झाड सोडून नाल्यात उतरली, सुनेला शोधायला. जिथे वानरं खाकरत होती, नेमकी तिथून चालत, वळसा घेऊन रस्त्याकडे आली. दोघी सुखरूप होत्या आणि दोघी एकमेकींना मेलेलं समजत होत्या.

सुमन रडत होती. जनाबाईंनी तिच्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, टोपली तिच्या पुढ्यात सरकवली आणि आमच्याकडे वळल्या. "आन् हे कोन्ती वरात होय हो पहाटे पहाटे?"

नाल्याच्या वाळूत पावलाचा ठसा होता असं नंतर एकानं सांगितलं. मी पाहिला नाही, म्हणून लिहीत नाही.

तिथलीच दुसरी सकाळ

आम्ही त्या दिवशी निघणार होतो, पण निघालो नाही. रशीदभाईंनी दुपारी गावातल्या उंचवट्यावर जाऊन फोनला रेंज शोधली आणि नागपूरला लावला. मी शेजारी उभा होतो. टोळीचा म्होरक्या एक तरुण इंजिनिअर, बोलायला नम्र.

"पहाटेची राईड होणार नाही," रशीदभाई म्हणाले. "मोहाचा टाइम आहे. बाया जंगलात असते. त्या घरी येईपर्यंत गाडी बंद. मग उन्हात निघू, सावलीत थांबत थांबत."

"अंकल, सकाळचीच तर मजा आहे. बाकी रोड तर आम्ही पण चालवतो."

"मजा आहे बेटा. मी पाहिली."

"मग नंतर कधी करू? हिवाळ्यात?"

"हिवाळ्यात पण या. पन आता येत असान तर असंच."

मग, "ग्रुपमध्ये विचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही उठलो, सामान बांधलं, आणि गाड्या चालू न करता हातानं ढकलत रस्त्यापर्यंत आणल्या. जळक्या बॅगेची गाडी ढकलताना जास्त जड लागते, हे मी रशीदभाईंना सांगितलं नाही. मोरीवर तिघे बसलो. हवा थंड होती, प्रवासाला उत्तम. उजेड वाढत गेला आणि आम्ही एक किलोमीटरही कापला नाही.

कूऽऽ. डावीकडून. मग बांध्यांकडून. मग नाल्याकडून, म्हातारा, थोडा फाटलेला आवाज. मंदा म्हणाली, "त्या जनाबाई." थोड्या वेळानं ती न पाहता सांगू लागली, ही कोण, ती कोण. आवाज एका बाजूनं निघायचा, जंगलातून फिरून परत यायचा. मधे फुलं टपटप पडत होती. पाचोळा जाळलेल्या जमिनीवर त्यांचा आवाज होत नाही, पण रस्त्याच्या कडेच्या वाळक्या पानांवर होतो. इतके दिवस गाडीवर बसून मी यातलं काहीही ऐकलं नव्हतं.

ऊन अंगावर आलं तेव्हा क्षणभर रेंज आली आणि रशीदभाईंचा मोबाईल वाजला. त्यांनी वाचलं आणि माझ्याकडे दिला. सहा जणांनी नाही म्हटलं होतं. दोघांनी लिहिलं होतं, आम्ही येतो, गाड्या बंद ठेवू.

"हिशोब सांगा," रशीदभाई म्हणाले. "खरा सांगा, काटासाहेब."

मी खरा सांगितला. दोघांच्या सहलीत पेट्रोल आणि जेवण निघेल. तुमची मेहनत निघणार नाही.

"आन् मेहुण्याले का सांगू?"

"ते मी नाही सांगू शकत."

मंदा माझ्याकडे रागानं पाहत होती. पण माणसानं विचारलं असताना वजन कमी सांगणं मला जमत नाही.

बाया एकेक करून झाडीतून बाहेर येऊ लागल्या, डोक्यावर टोपल्या, तोंडानं बोलणं चालू. सुमन आली. तिनं थांबून मागे पाहिलं, बोटांवर मोजत नावं घेतली, आणि जनाबाई शेवटी आल्या तेव्हा आमच्याकडे पाहून म्हणाली, "जा आता. झाल्या साऱ्या."

रशीदभाई उठले नाहीत. त्यांनी किल्ली खिशातून काढली नाही.

"बाई," ते सुमनला म्हणाले, "पंधरा दिवसांनी माझे दोन पावणे येतीन. रातभर राहतीन. सकाळी असेच इथी बसतीन. तुमच्या घरी त्यांचं जेवण होईन का?"

सुमननं सासूकडे पाहिलं. जनाबाईंनी टोपली खाली ठेवली.

"मटन खाते का ते, का नुसतं भाजीवाले?"

हे रशीदभाईंना ठाऊक नव्हतं. "विचारून सांगतो," ते म्हणाले, फोन घेतला, आणि रेंज शोधायला उंचवट्याकडे पायी निघाले.